गिरणीच्या पत्र्यावर सोलर: खानापुरातल्या एका वर्षाचा हिशेब

दळणाचा डबा खाली ठेवला की बायका आधी छपराकडे बघतात, मग मला विचारतात, "अक्का, सोलर घालून फायदा झाला काय?" चक्की चालू असताना ओरडून जेवढं सांगता येतं तेवढं मी वर्षभर सांगत आले. पण तेवढ्या ऐकीव गोष्टीवर कुणी पावणेतीन लाख घालू नयेत, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय. खालचे आकडे माझ्या दळणाच्या वहीतले आहेत. वहीच्या मागच्या पानांवर मी रोज संध्याकाळी चक्की बंद केली की त्या दिवसाची युनिटं टिपून ठेवते.

आमची गिरण कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाहेर, जांबोटी रस्त्याला आहे. सासऱ्यांनी काढलेली. चक्कीची मोटर साडेसात एचपीची, मिरची कुटायच्या डंकाची दोनची, आणि कनेक्शन थ्री फेज, १० एचपी मंजूर. २०२४ च्या डिसेंबरपासून गिरणीच्या पत्र्यावर ५५० वॅटची नऊ पॅनेलं आहेत, म्हणजे ५ किलोवॅटला थोडं कमी. बॅटरी नाही. तयार झालेला करंट चक्की वापरते, उरलेला लाईनीत जातो आणि दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर त्याचा हिशेब ठेवतं. खर्च सगळा मिळून २ लाख ७२ हजार. सबसिडी एक रुपया नाही, कारण ती फक्त घराला आहे, धंद्याला नाही.

मग घरावर का घातलं नाही, हा पुढचा प्रश्न. घर गिरणीला लागूनच आहे. पण घराचं लाईट बिल आम्हाला २०२३ च्या ऑगस्टपासून येतच नाही. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०२२-२३ ची महिन्याची सरासरी काढतात, त्यावर दहा टक्के धरतात आणि तेवढी युनिटं फुकट देतात. वरची मर्यादा २००. आमची सरासरी ९५ ची. म्हणजे १०४ युनिटांपर्यंत बिल शून्य. आम्ही पाच माणसं, आंघोळीचं पाणी चुलीवर, एसी नाही, गीझर नाही. जे बिल शून्य आहे ते सोलर आणखी किती कमी करणार? तरीही आमच्या घरावर ३ किलोवॅट घाला म्हणून तीन जण येऊन गेले. ७८ हजार सबसिडी मिळते, सोडू नका, म्हणाले. सबसिडी मिळते हे खरं आहे. पण ती मिळवण्यासाठी पदरचे लाख-सव्वा लाख घालायचे आणि वाचवायचं काहीच नाही, हे मला पटलं नाही. इकडच्या बऱ्याच घरांची स्थिती आमच्यासारखीच आहे. तुमचं बिल शून्य येत असेल तर आधी ते बिल समोर ठेवा आणि मग सोलरवाल्याला आत घ्या.

आता गिरणीचं. पहिला कागद, म्हणजे कोटेशन, माझ्या हातात आलं तेव्हा मी हरखून गेले होते. सुंदर रंगीत छापलेलं, आणि मराठीत. आमच्याकडे मराठीत छापलेला कागद आला की माणूस तो दोनदा वाचतो. त्यात ७ किलोवॅट सुचवलं होतं. मी म्हटलं ५ किलोवॅटचा हिशेब द्या. दिला. रोज २० युनिटं, युनिटला १० रुपये, वर्षाला ७३ हजारांची बचत, पावणेचार वर्षांत पैसे वसूल. मी रात्री जेवणं झाल्यावर गिरणीची जुनी बिलं काढली आणि वही घेऊन बसले. माझी शाळा झाली चंदगड तालुक्यात, माहेरी, त्यामुळे मला कन्नड वाचता येत नाही. बिल नेहमी धाकटी मुलगी वाचून दाखवते. तिने एकेक ओळ वाचली आणि मी शेजारी मराठीत लिहीत गेले. स्थिर आकार इतका, युनिटं इतकी, युनिटचा दर इतका, कर इतका. सगळं मिळून युनिटमागे जे काही सोलरने वाचू शकतं ते पाच रुपयांच्या घरात निघालं. दहा कुठेच नव्हते.

दहा आले कुठून, ते दुसऱ्या दिवशी माहेरी फोन केल्यावर कळलं. दादाच्या महावितरणच्या बिलात घरगुती वापर १०० युनिटांच्या वर गेला की युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो, आणि वहनाचा, म्हणजे वीज आणून पोचवण्याचा आकार धरला तर तो दहाच्याही पुढे जातो. कोटेशन करणाऱ्याने तो महाराष्ट्राचा, तोही घरगुती दर उचलून कर्नाटकातल्या गिरणीला लावला होता. त्याने मुद्दाम केलं की सरसकट सगळ्यांना तोच कागद देतो, हे मी ठरवत बसले नाही. पण त्या कागदावर सही केली असती तर चार वर्षांनंतर गिरण फुकट चालणार या भरवशावर आम्ही धाकटीच्या कॉलेजचा खर्च मांडून बसलो असतो.

ही गोष्ट मला सगळ्यात कळकळीने सांगायची आहे. आपण सीमेवरची माणसं. पेपर मराठी वाचतो, मोबाईलवर व्हिडिओ येतात ते पुण्या-कोल्हापूरचे, पाहुणे निम्मे घाटाखाली आणि निम्मे चंदगड-गडहिंग्लजला. सोलरबद्दल मराठीत जे जे ऐकतो ते महावितरणच्या बिलावर बेतलेलं असतं. आपलं बिल मात्र हेस्कॉमचं, म्हणजे कर्नाटकातल्या आपल्या भागाच्या वीज कंपनीचं आहे. (जुनी माणसं अजून केईबीच म्हणतात.) आपल्याकडे घरगुती दर आता टप्प्याटप्प्याने चढत नाही, सगळ्या युनिटांना एकच आहे, सहाच्या आसपास. त्यात २०० च्या आतली घरं गृहज्योतीत. तिकडे सोलर ज्याला तीन वर्षांत फिटतं त्याला इकडे फिटायला पाच लागतील, नाहीतर फिटणारच नाही. ज्याने त्याने आपल्या मीटरचं बिल बघावं, पाहुण्याच्या मीटरचं नाही.

आमच्याच घरातली तीन उदाहरणं देते. दादाचं घर चंदगडला, वापर २६० युनिटांचा. त्याने २ किलोवॅट घातलं, ६० हजार सबसिडी खात्यावर आली, आणि ते पैसे तीन वर्षांत वसूल होण्याच्या वाटेवर आहेत. नणंदबाई बेळगावात टिळकवाडीला. दोन एसी, गीझर, वर भाडेकरू एकाच मीटरवर, महिन्याला ३४० युनिटं. २०० च्या वर गेलं की गृहज्योतीत काहीच माफ नाही, पूर्ण बिल भरावं लागतं. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी स्वतः म्हटलं, "वन्सं, तुम्ही घाला." ३ किलोवॅटला १ लाख ९५ हजार, त्यातले ७८ हजार परत. राहिले १ लाख १७ हजार. महिन्याला सरासरी दोन हजार वाचतात, म्हणजे पाच वर्षं. आणि तिसरं आमचं घर, जिथे घालण्यात अर्थच नाही. एकाच कुटुंबातली तीन घरं आणि तीन उत्तरं.

सबसिडीचा एक बारकावा नणंदबाईंच्या वेळी कळला. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० आणि ३ किंवा त्याहून जास्त कितीही घातलं तरी ७८ हजार. पण पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. डीसीआर म्हणतात त्याला. ती पॅनेलं थोडी महाग पडतात. कोटेशनवर डीसीआर लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या, नाहीतर पैसे तुम्ही भरून बसाल आणि सबसिडी अडकेल. माझ्या गिरणीला सबसिडीच नव्हती, म्हणून आम्ही साधी, स्वस्त पॅनेलं घेतली.

पहिला कागद बाजूला ठेवल्यावर दुसरे बसवणारे शोधले. बेळगावचीच माणसं, दोघा भावांचा लहानसा धंदा. थोरला भाऊ स्वतः आला, कोटेशन द्यायच्या आधी बारा महिन्यांची बिलं मागितली. तिथेच माझा निम्मा विश्वास बसला. पत्र्यावर चढला, खालून कैच्या, म्हणजे पत्रा पेलणारा सांगाडा, ठोकून बघितल्या, आणि म्हणाला, "काकू, वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं धरा. चार कुणी सांगत असेल तर मी ते काम घेत नाही." पहिल्या माणसापेक्षा त्याचा दर थोडा जास्त होता. कारण विचारलं तर त्याने अर्थिंगवर बोट ठेवलं. पहिल्या कोटेशनमध्ये अर्थिंगचा एकच खड्डा होता. याच्यात तीन: एक पॅनेलांच्या बाजूचा, एक इन्व्हर्टरच्या (पॅनेलांचा करंट लाईनीजोगा करणारं यंत्र) बाजूचा आणि एक वीज पडली तर तिच्यासाठी वेगळा. आमच्याकडे जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात ती इतकी कोरडी होते की साधा खड्डा अर्थ नीट देत नाही. आणि एप्रिल-मेचा वळीव म्हणजे विजांचाच पाऊस. ते बारा हजार जास्त गेले याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही.

मग फणसाचा प्रश्न. गिरणीच्या पश्चिमेला सासूबाईंनी लावलेला फणस आहे, तीस-पस्तीस वर्षांचा. पहिला सोलरवाला म्हणाला होता, झाड काढा, सात किलोवॅट आरामात बसेल. सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "सावली तोडून करंट करणार काय गं?" मी तेव्हाच ठरवलं की झाड राहणार. बेळगावच्या माणसाने सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असे तीनदा फोटो काढले. सावली साडेतीननंतर पत्र्याच्या पश्चिमेकडच्या बारा फुटांवर येते. नऊ पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली पडली की बाकीच्यांचाही करंट कमी होतो. त्याने ते बारा फूट मोकळेच सोडले आणि पॅनेलं पूर्वेकडे सरकवली. फणस आहे तिथेच आहे.

छपराबद्दल एक सांगते, कारण इकडे कौलारू घरं जास्त. आमचं घर कौलारूच आहे, खानापूरच्या कौलांचं. कौलांवर पॅनेलं घालायला वरून वेगळा सांगाडा उभा करावा लागतो आणि कौलं फुटतात ती वेगळीच. सिमेंटच्या पत्र्यावर माणूस चालला तर पत्राच फुटतो. गिरणीला लोखंडी कैच्या आणि लोखंडी पत्रे आहेत, दक्षिणेकडे उतार आहे, म्हणून काम सोपं झालं. एकेक पॅनेल २८ किलोच्या आसपास, म्हणजे नऊ पॅनेलं आणि पट्ट्या मिळून तीनशे किलोंचा भार. तुमच्या कैच्या तो पेलतात काय, हे गवंड्याला नव्हे, वेल्डिंग करणाऱ्याला दाखवा.

कागदपत्रांत आमचेच दोन महिने गेले. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर होतं आणि त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. बिल भरत राहिलो, नाव बदलायचं राहून गेलं. ते आधी माझ्या नावावर करावं लागलं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, उतारा. मग अर्ज. मंजूर भारापेक्षा जास्त सोलर घालता येत नाही, हेही तिथेच कळलं. आमचे १० एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट, त्यामुळे ५ ला अडचण आली नाही. तुम्ही अजून विचारच करत असाल तरी बिलावरचं नाव आजच बघून ठेवा.

आता वर्षाचे आकडे. डिसेंबर ५९० युनिटं, जानेवारी ६३०, फेब्रुवारी ६२०, मार्च ६९०, एप्रिल ६७०. मार्च-एप्रिल हे आमच्या डंकाचे दिवस. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची वाळून येते, घराघरांतून वर्षाच्या चटणीच्या पिशव्या येतात, डंक सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थांबत नाही. नेमकं तेव्हाच ऊन सगळ्यात चांगलं. माझ्या धंद्याला सोलर का जुळलं, त्याचं खरं कारण हे. काम दिवसा, आणि जास्त काम उन्हाळ्यात. ज्याचं काम रात्री चालतं त्याचा करंट दिवसा लाईनीत जातो. महिन्यात वापरापेक्षा जास्त गेलेल्या युनिटांना जो दर मिळतो, तो आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून वापराएवढंच घालावं. ७ किलोवॅट घातलं असतं तर डिसेंबर-जानेवारीत मी नुसती लाईनीला युनिटं वाटत बसले असते.

मेमध्ये ५२० वर आलं. २०२५ ला पाऊस लवकर आला. केरळात २४ मेलाच मान्सून पोचला आणि त्याच्या आधीपासून आमच्याकडे आभाळ भरलेलं. चटणीचे शेवटचे दहा दिवस गेले. जून ३३०, जुलै २६०, ऑगस्ट ३१०. खानापूरचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला हे आकडे समजतील. जुलैत असे दिवस होते की दिवसभरात चार युनिटं. सप्टेंबर ४२०, ऑक्टोबर ५३०, नोव्हेंबर ५७०. एकूण ६,१४०. रोजची सरासरी १६.८. त्या पहिल्या कागदावरचे २० उन्हाळ्यात येतात, वर्षभर येत नाहीत. बेळगावच्या पूर्वेला, गोकाक-सौंदत्तीकडे पाऊस कमी, तिकडे जास्त येत असतील. कणकुंबी-जांबोटीच्या माणसाने आमच्याहूनही कमी धरावेत.

पैशांत बोलायचं तर आधी वर्षाला ६१ हजार बिल जात होतं, आता ३२ हजार गेलं. २९ हजार वाचले. बिल शून्य झालं नाही आणि होणारही नाही, कारण स्थिर आकार सोलरने कमी होत नाही. एक युनिट न वापरता गिरण महिनाभर बंद ठेवली तरी तो भरावाच लागतो. २ लाख ७२ हजाराला २९ हजाराने भागलं तर नऊ वर्षं आणि वर चार-पाच महिने. इन्व्हर्टरची हमी आठ वर्षांची. नवव्या-दहाव्या वर्षी तो बदलायला लागला तर चाळीस-पन्नास हजार. म्हणजे मी मनात अकरा धरलेत. पॅनेलांना पंचवीस वर्षांची हमी आहे, दर वर्षी थोडी थोडी कमी युनिटं देतील हे धरून. तेच पैसे ठेवीत ठेवले असते तर वर्षाला १९ हजार व्याज आलं असतं आणि मुद्दल शाबूत राहिलं असतं. हे मी लपवत नाही. कर्ज काढून घालायचं असतं तर मी घातलं नसतं. माझी भिशी निघाली होती, थोडे गटाचे होते, आणि गिरण पुढची पंचवीस वर्षं चालवायचीच आहे, म्हणून घातलं.

सगळ्यात जास्त गैरसमज लाईट जाण्याबद्दल आहे. जुलैत जांबोटी रस्त्याला झाड पडलं, लाईनीवर. करंट गेला. दुपारी दोन तास लख्ख ऊन पडलं. गिरणीत तेरा डबे रांगेत, आणि एक आजी मला म्हणाली, "वर एवढी तावदानं लावलीस, मग चालू कर की." चालू होत नाही. लाईन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, तसाच तो बनवलेला असतो. खांबावर लाईनमन चढलेला असतो. त्या वेळी आपल्या छपरावरून लाईनीत करंट गेला तर त्याचा जीव जाईल. मी आजीला हे सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली. तिचा एक मुलगा असंच खांबावरून पडून गेला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून मला इन्व्हर्टर बंद पडल्याचं काही वाटत नाही. पण सोलरवाल्याने हे आधी सांगायला हवं, आणि पहिल्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. लाईट गेल्यावर चालणारं हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. घरातले दिवे, पंखे, फ्रीज त्यावर चालतील. चक्कीची मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. ती बॅटरीवर चालवायची तर खर्च गिरणीच्या किमतीच्या पुढे जातो.

गिरणवाल्यांसाठी एक खास गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. पीठ. आमचा एक्झॉस्ट फॅन दक्षिणेच्या भिंतीला होता, नेमका पॅनेलांच्या खाली. फॅनमधून बाहेर पडलेलं पीठ वर जाऊन बसायचं, पहाटेच्या दवात भिजायचं, आणि ऊन लागलं की लेप व्हायचा. भाकरीचं पीठ परातीला वाळतं तसा. साध्या पाण्याने निघत नव्हता. फेब्रुवारीत एकदा धुवायच्या आदल्या दिवशी १९ युनिटं होती, धुतल्यावर दुसऱ्या दिवशी २३. फॅन उत्तरेच्या भिंतीला नेला, गवंडी आणि वायरिंग मिळून अठराशे रुपये. आता महिन्यातून दोनदा धुते, पावसाळ्यात नाही. पहाटे, सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी घातलं तर काच तडकू शकते. लांब दांड्याचा मऊ ब्रश, साबण नाही, आणि पॅनेलवर पाय नाही.

पहिल्या पावसात गळलंही. पट्ट्या पत्र्याला जिथे बोल्टने धरल्या होत्या तिथून चक्कीशेजारी थेंब पडत होते. पिठाच्या धंद्यात हे चालतच नाही. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ आला, सगळे बोल्ट काढून रबरी वॉशर बदलले, वरून सीलंट मारलं. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर गळलं नाही. हे काम त्यांनी बसवतानाच नीट करायला हवं होतं.

ऑक्टोबरात वानरं. आमच्याकडे जंगल जवळ, वानरांची टोळी छपरांवरून जाते. काचेला काही झालं नाही, पण पॅनेलखाली लोंबकळणारी वायर ओढून त्यांनी जोड सोडवला. माळेतला एक जोड सुटला की सगळी नऊ पॅनेलं बंद. त्या दिवसांत देवीच्या जत्रेला माहेरी गेले होते, मोबाईलवर बघितलं नाही. आले तर चार दिवस वहीत शून्य. बसवणारा आला तोही तीन दिवसांनी, बेळगावाहून. सात दिवसांची सव्वाशे युनिटं गेली. आता सगळ्या वायरी पाईपातून घेतल्यात, आणि घरातल्या कुणी ना कुणी रोज संध्याकाळी मोबाईलवर बघायचं असं ठरलंय. बसवणाऱ्यांना मी पाचात चार देईन. एक गुण कमी, तो वॉशर आणि वायर या दोन कामांसाठी. हिशेब खरा सांगितला, त्याचे चारही गुण त्यांचेच.

धंदा असेल आणि उत्पन्नावर भरपूर कर भरत असाल, तर पहिल्या वर्षी ४० टक्के घसारा (किमतीतली घट खर्चात दाखवणं) धरता येतो, त्याने वसुली लवकर होते. ते तुमच्या सीएला विचारा. माझ्यासारख्या लहान गिरणीला त्याचा उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात बसस्टँडजवळचा वेल्डिंगवाला विचारायला आला होता. दिवसभर काम, पत्र्याचं शेड, झाड नाही, बिल सात-आठ हजार. त्याचं जमेल असं मला वाटतं. पण मी त्याला म्हटलं, आधी बारा महिन्यांची बिलं घेऊन ये, मग बसू. काल तो सात घेऊन आला. मीटर त्याच्या चुलत्याच्या नावावर आहे. तो आता उरलेली पाच बिलं शोधतोय, आणि चुलत्याकडे जायला रविवारचा मुहूर्त काढलाय.